दाखवायची पेटी

हसणार नाही असं वचन देऊ नका, ते तुमच्याच्यानं पाळलं जाणार नाही! आता माझी अक्कल किती पाजळली ते काय सांगू? सरकार म्हणालं, "या, माल घ्या आणि जा." आणि मी म्हणालो, "नाही, आधी माझी झडती घ्या!"

बिदर जिल्ह्यातल्या मन्नाएखेळ्ळीत आमची डाळ मिल आहे. गावात मोबाईल नुकते दिसायला लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. मी मिलसाठी थेट कोरियाहून डाळ निवडायचं यंत्र मागवलं. आमच्या भागातलं पहिलं, बरं का! वरून डाळ पडते, आतला कॅमेरा दाणा न दाणा बघतो. चांगला दाणा आपोआप खाली जातो आणि काळा दिसला की वाऱ्याचा झोत त्याला फुस्सकन बाजूला उडवतो. हे मी भेटेल त्याला सांगत सुटलो. एसटीच्या कंडक्टरला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं. माझ्या बायकोला, महानंदाला, तर इतक्यांदा सांगितलं, की ती भाकरी थापता थापता तोंडानं "फुस्स" करून दाखवायची.

उद्घाटन गुरुवारी ठरलं. पत्रिका छापल्या, गावजेवण सांगितलं. पत्रिकेवर माझं नाव यंत्रापेक्षा मोठं होतं.

आता आम्हा सीमेवरच्या माणसांची एक खोड सांगतो. आमच्याकडून कुठंही माल न्या, थोडं पुढं गेलं की दुसरं राज्य. राज्य आलं की नाका आलाच. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मभर ट्रकनं तूर नेली. एक पोतं ते नेहमी सगळ्यात वर, सैल टाक्याचं ठेवायचे. त्याचं नावच 'दाखवायचं पोतं'. नाक्यावर स्वतः उतरून हाका मारायचे, "साहेब, बघून घ्या, शिक्का मारा!" न उघडता सुटलेला माल पुढच्या नाक्यावर हमखास अडकतो, हे त्यांचं ठाम मत.

मी त्यांचाच मुलगा. इंग्रजीच्या मास्तरांकडून कोरियाला पत्र लिहून घेतलं, की पाच पेट्यांपैकी एक सैल झाकणाची ठेवा. कोरियावाल्यांनी बिचाऱ्यांनी निमूट ऐकलं.

माल हैदराबादच्या कस्टममध्ये आला. सोमवारी मी कडक इस्त्री करून हजर. आमचं कागदपत्रांचं काम बघणारा एजंट यादगिरी मूळचा औरादचा. तो दारातच भेटला.

"अण्णा, माल सुटला. घेऊन जावा."

"सुटला? बघितला कुणी?"

"कुणीच न्हाई. नवी पद्धत आलीय. कॉम्प्युटर कागद वाचतोय आन् जिथं जोखीम वाटती तेवढंच उघडा म्हणतोय. तुमचं यंत्र नवं, कंपनी नावाजलेली, कागद चोख. कामून उघडतील?"

"मग पेट्यांवर शिक्का?"

"कागदावर हाय की!"

"आन् पुढं नाक्यावर धरलं तर? तू येतूस का सोडवायला?"

खरं सांगू? नाक्याची भीती निम्मीच होती. निम्मा होता अपमान! एवढं कोरियाहून यंत्र आणलं आणि एकानंही झाकण उचलून बघू नये? यादगिरी शर्ट धरून मागं ओढत होता. मी शर्टासकट आत घुसलो.

आत एक अधिकारी बाई बसल्या होत्या. मी आमच्या बिदरी हिंदीत सुरू केलं.

"मॅडम, मेरा माल खोल के देखो."

"कायकू? आपका तो पास हो गया."

"नक्को, देखोच! एक पेटी खास खुल्ली रखवाया मैं. आपके वास्ते!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. यादगिरीनं डोळे मिटले.

"मेरे वास्ते?"

त्या उठल्याच. चार पेट्या खिळे ठोकून, पट्ट्या आवळून बंद. पाचवीचं झाकण बोटानं हललं. "ये रस्ते में किसने खोला? क्या निकाला? क्या डाला?" मी दाखवायच्या पोत्याचा सगळा इतिहास सांगितला. जितकं सांगत गेलो, तितक्या त्यांच्या भुवया वर जात राहिल्या.

झालं! पाचही पेट्या उघडल्या. एकेक भाग यादीशी ताडायला सुरुवात झाली, अगदी स्क्रूसुद्धा. सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी दुपारी महानंदाचा फोन.

"अहो, लोकं जेवून निघायलेत. फीत कापायची का न्हाई?"

"यंत्र न्हाई तर फीत कशाची कापतीस?"

"अप्पांनी कापली. यंत्रासाठी बांधलेल्या नुसत्या ओट्याची. टाळ्या लई वाजल्या."

ओट्याचं उद्घाटन! संध्याकाळी बाई म्हणाल्या, "आपका सामान एकदम साफ है." तेवढ्यावर माझी छाती पुन्हा फुगली. स्क्रूसकट तपासलेलं यंत्र आमच्या भागात दुसऱ्या कुणाकडं आहे का सांगा!

शुक्रवारी निघालो. आणि तो नाका? त्या माणसानं कागद बघितला आणि 'जा' म्हणून हात केला. पेट्यांकडं मान वळवूनही बघितलं नाही.

शनिवारी यंत्र सुरू झालं. काय सांगू, डाळ अशी पडत होती, की बघत राहावं! अख्खं गाव पुन्हा जमलं. अप्पांनी विचारलं, "एवढे दिवस कामून अडकलास रे?"

मी यंत्राशेजारी उभा राहून ऐटीत समजावलं, "अप्पा, तिथं आता कॉम्प्युटर बसवलाय. चांगला माल आपोआप पुढं जातो. शंका आली तेवढाच बाजूला काढतो. आपला पुढं गेला होता, पण मीच म्हटलं, उघडून बघाच!"

"म्हंजे ह्या यंत्रावाणीच की!" महानंदा म्हणाली.

इतके महिने गावाला शिकवत होतो, आणि हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं!

"अहो, त्यानं तुम्हाला चांगल्या दाण्यात काढलं होतं," तिनं तोंडाला पदर लावला, "तुम्हीच काळ्यात उडी मारून आलाव."

आणि भरल्या मिलमध्ये, सासऱ्यांच्या देखत, माझ्याकडं बघून म्हणाली, "फुस्स!"