ती वर्गात का येत नव्हती

मला लहानपणापासून एक खोड आहे. दुसऱ्याच्या डब्यात काय आहे ते बघितल्याशिवाय माझा घास खाली उतरत नाही. आई म्हणायची, नाक खुपसायचा तुला पगार मिळतो का गं? पुढे मी इस्राएलमधल्या अश्केलोन शहरात एका शाळेत तिसरीची बाई झाले आणि खरोखरच नाक खुपसायचा पगार मिळायला लागला.

त्या वर्षी आमच्या शहरावर रॉकेटं पडायला लागली होती. भोंगा वाजला की मुलांना घेऊन मिकलटमध्ये, म्हणजे शाळेतल्या जाड भिंतींच्या निवाऱ्यात, धूम ठोकायची. सगळं शांत झालं की परत येऊन अर्धा राहिलेला गुणाकार पुरा करायचा. त्याच दिवसांत माझ्या एका मुलीने वर्गात येणं बंद केलं. शाळेत येणं नव्हे हं, वर्गात येणं. सकाळी सगळ्यांच्या आधी हजर, केस विंचरलेले, गृहपाठ चोख. पण घंटा झाली की जिन्याजवळच्या बाकावर जाऊन बसायची ती बसायचीच. आमचा वर्ग तिथून दोन पावलांवर. मी दार उघडं ठेवायची, ती तिथूनच ऐकून उत्तरं लिहायची आणि ती बहुतेक बरोबर असायची.

आता हे कोडं बघून मी गप्प बसणार होते होय? शेजारी कोण बसतं ते तपासलं. खिडकीची भीती असेल म्हणून तिची जागा बदलून पाहिली. फळा नीट दिसत नसेल म्हणून डोळे तपासून आणायला लावले, तर डोळे माझ्यापेक्षा चांगले. तिचे आजी-आजोबा अलिबागकडचे, आपल्याच बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेल्या ज्यू लोकांपैकी. म्हणून आजीला फोन करून मराठीत खोदखोदून विचारलं. आजी म्हणाली, "घरी तर मस्त खाते, टीव्ही बघते, भावाशी भांडते. तिथंच काय होतं तिला कोण जाणे." एक गोष्ट तेवढी माझ्या नजरेत भरली होती. जिन्यावर एक जड लोखंडी दार होतं आणि ही त्याच्या फटीत बुटाचं टोक घालून बसायची. मी अंदाज बांधला की पोरगी पळायची वाट मोकळी ठेवते आहे.

शाळेच्या समुपदेशक बाईलाही तसंच वाटलं. बाई भली होती. मुलांकडे तर बघायचीच, पण शिक्षकांनीही स्वतःची काळजी घ्यावी म्हणून आम्हा सगळ्यांना गोल करून बसवायची. मला तिने विचारलं, "आज तू स्वतःसाठी काय केलंस?" म्हटलं, चहा केला. "छान. निवांत बसून प्यायलीस?" म्हटलं, नाही, घरच्या सगळ्यांना दिला तोवर माझा गार झाला. सगळ्या हसल्या, त्यात मी सगळ्यांत मोठ्याने. हे असलं गोलात बसणं ज्यांची मनं कच्ची त्यांच्यासाठी, माझं मन कसं खणखणीत, असं माझं पक्कं मत होतं.

मग मुख्याध्यापकांनी निर्णय घेतला. पेसाखच्या सणाच्या सुट्टीनंतरही मुलगी वर्गात आली नाही, तर तिला दुसऱ्या शाळेतल्या विशेष वर्गात पाठवायचं. मला ते अजिबात पटलं नाही. एवढी हुशार पोरगी, तिला तिथे का टाकायचं? पण माझ्याकडे तरी दुसरं उत्तर कुठे होतं?

पेसाख तोंडावर आला होता. त्या सणात पाव किंवा गव्हाचं आंबवलेलं काही चालत नाही; आपल्याकडे भात चालतो, पण तांदूळ तीनदा निवडायचा. चुकून गव्हाचा एक दाणा राहिला की सगळं बाटलं. आईला आता दिसत नव्हतं, घरी मला वेळ नव्हता, म्हणून मी तांदळाची पिशवी आणि थाळी शाळेतच नेली. रिकाम्या तासाला, मुलं खाली खेळायला गेल्यावर, त्या मुलीशेजारी बाकावर बसून निवडायला लागले. समुपदेशक बाई जाता जाता थबकली. तिची माणसं युरोपातून आलेली, त्यांच्यात पेसाखला तांदळाला हातसुद्धा लावत नाहीत. मान हलवत ती निघून गेली. मुलगी मात्र सरकून जवळ आली. "आमच्याकडे हे आजी करते," म्हणाली आणि थाळी अर्धी आपल्या मांडीवर ओढून घेतली.

आम्ही दोघी निवडत होतो. माना खाली, डोळे दाण्यांवर. समुद्राकडून वारा सुटला होता. लोखंडी दार जोरात आलं आणि तिच्या बुटावर आदळलं. तिने बूट तसाच ठेवून पुढचा दाणा उचलला.

"अगं, लागेल ना. पाय कशाला घालतेस तिथे?" मी मराठीत विचारलं.

ती नेहमीप्रमाणे हिब्रूत बोलली. हिब्रूत मोठ्यांनाही अरेतुरेच करतात. "पाय काढला की दार आपटतं."

"मग आपटू दे की."

"दार आपटलं की तू टेबलाखाली वाकतेस. तुझं तोंड पांढरं होतं. मग तू हसतेस." एक दाणा तिने बाजूला केला. "तू हसलीस की सगळ्यांना जास्त भीती वाटते. म्हणून मी धरून ठेवते."

माझा हात थाळीतच राहिला. खरं सांगते, लाज वाटली. आठ वर्षांची पोर तिथे बसून मला सांभाळत होती आणि मी तिचे डोळे तपासत फिरत होते. मला वाटायचं, माझं दचकणं कुणाच्या लक्षातही येत नाही. हसून वेळ मारून नेली म्हणजे झालं.

"मला भीती वाटते, खरं आहे," मी म्हटलं.

"माहितीये मला," ती म्हणाली.

"पण मला सांभाळायचं काम तुझं नाही. मी दुसरं माणूस शोधते. मग येशील आत?"

तिने विचारलं, "कोण?"

मी थाळी तिच्या मांडीवर ठेवून सरळ समुपदेशक बाईच्या खोलीत गेले. तिला वाटलं, मी मुलीबद्दल बोलायला आले. म्हटलं, मुलगी ठणठणीत आहे, तुझ्याकडे बसायची गरज मला आहे. मग तिच्यासमोर मी जी रडले, ती घंटा होईपर्यंत. परत येऊन मुलीला कोण ते सांगितलं.

सुट्टीनंतर मुलगी आत आली आणि मधल्या रांगेत बसली. मी फळ्यावर लिहीत होते, तेवढ्यात खाली रस्त्यावर कचऱ्याच्या गाडीने पिंप आदळलं. मी वाकले. खडू हातातून निसटला. उभी राहिले तर सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता आणि सवयीने हसू ओठांवर आलंच होतं. ते गिळलं.

"दचकले मी," म्हणाले.

"आम्ही पण," मागून कुणीतरी म्हणालं. मग आणखी दोघातिघांनी तेच म्हटलं.

मी मधल्या रांगेकडे पाहिलं. ती जागेवरून उठली नव्हती.