सासऱ्यांची सायकल बिघडवताना

आमच्या घरात सायकली राहतात आणि उरलेल्या जागेत आम्ही. हे वाक्य माझं नाही, बायकोचं आहे. ती ते पाहुण्यांना चहाबरोबर देते. सिल्व्हर पार्कातल्या आमच्या फ्लॅटमध्ये एक सायकल हॉलच्या भिंतीला टांगलेली आहे, एक गॅलरीत उभी आहे आणि तिसरी सुट्या भागांच्या रूपात बेडखाली आहे. ती सायकल आहे असं मी म्हणतो. ते भंगार आहे असं बायको म्हणते. यावर कधीच एकमत होणार नाही हे दोघांनाही मान्य असल्यामुळे संसार बरा चाललाय.

दर रविवारी सकाळी मी गॅलरीतली सायकल काढतो, पाठीला पान्यांची पिशवी अडकवतो आणि पेणकरपाड्याला सासुरवाडीला जातो. बायको मागाहून रिक्षाने येते, कारण घामेजलेल्या माणसाबरोबर माहेरच्या दारात उभं राहणं तिला पसंत नाही. सासुरवाडीला जावई म्हणून जाण्यापेक्षा मेस्त्री म्हणून जाण्यात सुख जास्त आहे, असं माझं अनुभवाचं मत आहे. जावयाला सोफ्यावर बसून तब्येतीच्या गप्पा ऐकाव्या लागतात. मेस्त्रीला जिन्याखाली मोकळं सोडतात.

जिन्याखाली सासऱ्यांची सायकल असते. काळी, उंच, दांड्याची. मुंबईतली चाळीची खोली सोडून ते इथे राहायला आले तेव्हा घेतलेली. त्या काळी स्टेशनवरून पेणकरपाडा म्हटलं की रिक्षावाले मान फिरवायचे. आता पंच्याहत्तरी ओलांडूनही सासरे दुधाला एक फेरी मारतात, पेपरला दुसरी, आणि कोथिंबीर विसरली म्हणून तिसरी. कोथिंबीर ते मुद्दाम विसरतात असा माझा संशय आहे.

पूर्वी ते याच सायकलने चौक गावाला जायचे. उत्तनच्या पुढे, समुद्राकाठी, त्यांच्या ऑफिसातल्या एका मित्राचं घर आहे. मित्र आता नाही, पण त्याची बायको सासऱ्यांची मानलेली बहीण. महिन्यातून एकदा हे तिच्याकडे जाणार, जेवून येणार, असा नेम होता. मग डोंगरीचा चढ जड जायला लागला. काही महिने ते उतरून सायकल ढकलत गेले आणि एके दिवशी जाणंच बंद केलं. हल्ली माझा मेहुणा त्यांना वर्षातून दोनदा कारने नेऊन आणतो. मागच्या सीटवर बसून ते जातात आणि पार्सल पोचवल्यासारखे परत येतात.

गेल्या वर्षी ते पडले. डेअरीसमोर एका टेम्पोवाल्याने मागे न बघता दार उघडलं. मनगट मोडलं, प्लास्टर झालं. प्लास्टर निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सासरे सायकलवर. मेहुण्याने कुलपाची किल्ली लपवली. सासरे मागचं चाक उचलून धरत, सायकल ढकलत चावीवाल्याकडे गेले आणि दोन किल्ल्या करून आले. एक स्वतःच्या खिशात ठेवली, दुसरी मुलाच्या हातात दिली. म्हणाले, "तुझ्याकडून हरवली वाटतं."

मग आमच्या घरी गुप्त बैठक बसली. बायको मटार सोलत होती. मेहुणा टांगलेल्या सायकलीखाली, डोकं जरा वाकडं करून बसला होता.

"भावोजी, हे काम तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही."

"कुठलं काम?"

"बाबांची सायकल बिघडवायची."

मी बायकोकडे पाहिलं. ती मटाराकडे बघत म्हणाली, "मोडायची नाही. नुसतं त्यांचं मन उडालं पाहिजे तिच्यावरून."

"म्हणजे सायकल आजारी पाडायची."

"हां. लाँग टर्म," मेहुणा म्हणाला.

"त्यापेक्षा तुम्ही दोघं सरळ बोला ना त्यांच्याशी."

"बोललो. ते म्हणाले, मला काय सांगता, टेम्पोवाल्याला सांगा."

मी हसलो. बायको हसली नाही. "पुढच्या वेळी मनगट नसेल," ती म्हणाली. "खुबा असेल. मग उठणार नाहीत ते."

तिचं खरं होतं. पण प्लास्टरच्या काळात घरी बसलेले सासरेही मी पाहिले होते. त्यांनी टीव्ही लावला नाही, पेपर उघडला नाही. खुर्ची खिडकीशी ओढून दिवसभर खालचे टेम्पो बघितले. जेवायला हाक मारली की दोनदा मारावी लागायची. मी हे बैठकीत बोललो नाही. मी छातीवर हात ठेवून मोहीम स्वीकारली. मला भूमिका आवडली होती.

पहिल्या रविवारी चेन ढिली करायची ठरवून गेलो. जिन्याखाली बसलो, चेनला बोट लावलं. कोरडी ठाक. अशा अवस्थेतली चेन नुसती ढिली करून उठणं म्हणजे तापलेल्या माणसाची चादर ओढून पळण्यासारखं. मी ती पुसली, तेल दिलं आणि हवी तेवढी ताणून दिली. दुसऱ्या रविवारी ब्रेक आवळून चाक अडवायचं होतं. ब्रेकचे रबर झिजलेले दिसले. माझ्या पिशवीत नवे होते. तिसऱ्या रविवारी सासऱ्यांनी शेजाऱ्यांना बोलावून सायकल दाखवली. "बघा, जावई काय हात फिरवतो तिच्यावर. नवी करून सोडली."

त्या संध्याकाळी बायको म्हणाली, "तुम्हाला बिघडवायला पाठवलं होतं."

"हात ऐकत नाही."

"हात ऐकत नाही म्हणजे? बेडखालची सायकल कशी सगळी सुटी झाली?"

तेव्हा मला ती अफलातून कल्पना सुचली. बिघडवायचं नाही, बदलायचं. सायकलच्या मागच्या चाकाला एक दातेरी चक्र असतं, फ्रीव्हील. ते मोठं बसवलं की पाय भराभर फिरतात आणि सायकल मात्र सावकाश पुढे सरकते. म्हणजे सासरे सायकलवरच राहतील, पण मुंगीच्या वेगाने. वेग नाही म्हणजे धोका कमी. आणि शेजारचा माणूस चालत आपल्या पुढे गेलेला बघून कुणाचंही मन उडेल. मेहुण्याला मी हे परातीत वाट्या मांडून समजावलं. तो इतका खूश झाला की त्याने माझ्याशी हात मिळवला.

जुनं चक्र काढलं, मोठं बसवलं, चेनला कड्या जोडल्या. सासऱ्यांना सांगितलं, सर्व्हिसिंग. जुनं चक्र कागदात गुंडाळून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घातलं आणि डबा घरी बेडखाली ठेवला. काम चोख झालं होतं. बिघाडातसुद्धा मला बेशिस्त चालत नाही.

मोहीम फत्ते झाली. "पाय मिक्सरसारखे फिरतायत आणि गाडी जागच्या जागी," मेहुण्याने फोनवर कळवलं. "काल कोपऱ्यावरच्या आजी त्यांना ओव्हरटेक करून गेल्या." पुढच्या रविवारी, मटणातली नळी, जी लग्नापासून कायम मेहुण्याच्या ताटात पडत आली होती, ती सासूबाईंनी माझ्या ताटात वाढली. मी ती सर्वांना दिसेल अशी चोखली.

सासरे शेजारी बसले होते. हळूच म्हणाले, "जावईबापू, एक सांगू? पायात जीव आलाय."

"असं?"

"परवा उड्डाणपूल चढलो. बसून. मध्ये उतरलो नाही." त्यांनी स्वयंपाकघराकडे नजर टाकून आवाज आणखी खाली आणला. "हे मेथीच्या लाडवांचं काम. ही बिचारी करते आणि कुणी खात नाही. मी रोज एक खातो हल्ली."

नळी माझ्या तोंडातच राहिली. जे चक्र सपाटीवर सायकल हळू करतं, तेच चढावर ती हलकी करतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. गॅलरीतल्या माझ्या सायकलीला डोंगर चढायला नेमकं असंच मोठं चक्र आहे आणि ते मीच निवडून बसवलंय. परातीत वाट्या मांडताना तेवढं सुचलं नाही. परात सपाट होती. कुणाला काही सांगावं असं मला वाटलं नाही. नळी छान होती.

पुढच्या रविवारी जिन्याखालची जागा रिकामी दिसली. वर गेलो तर सासऱ्यांचा मोबाइल चार्जिंगला आणि सासूबाई ओट्याशी.

"बाबा कुठायत?"

"बहिणीकडे गेले. लाडवांचा डबा घेऊन."

पाठोपाठ बायको आली आणि तिला जिन्यातच ही बातमी कळली. मेहुणा कारची किल्ली घेऊन खाली धावला, पण त्याच्या गाडीमागे दुसऱ्याची गाडी लावलेली होती आणि तिचा मालक आंघोळीला गेला होता. "तुम्ही निघा हो," बायको म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. मी निघालो.

मेट्रोच्या खांबांखालून, उड्डाणपुलावरून भाईंदर पश्चिमेला उतरलो. मुर्धा, राई, मोर्वा. एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला भाजीचे वाफे. प्रत्येक वळणावर मी रस्त्याच्या कडेला बघत होतो. कडेला पडलेलं माणूस जसं दिसतं तशा आकाराच्या किती वस्तू रस्त्याकडेला असतात, हे त्या दिवशी कळलं. एक सिमेंटची गोणी मला फार त्रास देऊन गेली.

डोंगरीच्या चढाला लागलो आणि वर सासरे दिसले. पांढरा सदरा, हँडलला डब्याची पिशवी, पाय शिलाई मशीनसारखे चाललेले. सायकल इतकी सावकाश जात होती की ती उभी कशी राहिली असा प्रश्न पडावा. मागून उत्तनची बस आली. ड्रायव्हरने हॉर्न दिला, वाट पाहिली, आणि मग बाजूने बस काढली. खिडकीतल्या सगळ्या माना वळल्या. सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मोठी माणसं प्रेक्षकांकडे बघत नाहीत.

खिशात फोन वाजला. स्पीकर लावून तो परत खिशात टाकला.

"दिसले?" बायको.

"दिसले. डोंगरीच्या चढावर."

"पडलेत?"

"नाही. चढतायत."

"ढकलत?"

"बसून."

त्यांची कार एकदाची निघाली होती. फोनमध्ये मागून मेहुण्याचा आवाज आला, "थांबवा, भावोजी, थांबवा त्यांना."

"आत्ता हाक मारली तर तोल जाईल," मी म्हणालो. हे अगदी खरं होतं. सोयीचंही होतं.

बायको म्हणाली, "मागे राहा. आणि फोन चालू ठेवा."

मी मागे राहिलो. फोनमध्ये आधी मेहुण्याच्या गाडीचा इंडिकेटर ऐकू येत होता, मग गाडी कडेला लागली असावी, तोही थांबला. मधेच तिने घाबरून विचारलं, "हे कोण धापा टाकतंय एवढं? बाबा?"

"मी."

चढ संपला तिथे सासरे उतरले. इकडेतिकडे पाहिलं. कुणीच नव्हतं, एक कुत्रं सोडून. मग त्यांनी अंगठ्याने घंटी वाजवली, दोनदा. त्या घंटीचा आवाज जरा चिरका आहे. दुरुस्त करायला मला आजवर परवानगी मिळालेली नाही.

"ही बाबांची घंटी," बायको फोनवर म्हणाली. लहानपणी संध्याकाळी ही ऐकली की ती खाली धावायची. एवढं बोलून तिने फोन ठेवला.

मी वर पोचलो. सासऱ्यांना मला बघून आश्चर्य वाटलं नाही. "तुम्हीपण आलात? चला. उतार आहे आता."

चौकला त्यांची बहीण अंगणात सुकत टाकलेले बोंबील उलटत होती. तिने सासऱ्यांकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं.

"कार कुठं हाय?"

"कार नाही," सासरे म्हणाले. "सायकल हाय." तिच्याशी बोलताना त्यांची भाषा थोडी तिच्या बाजूला झुकते.

ती आत गेली आणि पाण्याचे दोन तांबे घेऊन आली. मोठा माझ्यासमोर ठेवला. "भावा, तुला काय व्हत न्हाय, पन तुजा जावय गेला बघ."

आम्ही जेवायला बसलो तेवढ्यात कार आली. मेहुणा दारातूनच सुरू झाला, "बाबा, तुम्हाला काही..." सासऱ्यांच्या बहिणीने हातातल्या पळीने त्याला बसायची जागा दाखवली. "आदी जेव, मंग भांड. बाप कुटं पलत न्हाय." तो बसला. बायको बसली नाही. ती दाराच्या चौकटीला टेकून वडिलांचं जेवण बघत राहिली. त्यांनी आमटी मागून घेतली. भात मागून घेतला. घरी त्यांना आग्रह करावा लागतो.

परतीची मिरवणूक पाहण्यासारखी होती. पुढे सासरे, त्यांच्यामागे मी, माझ्यामागे इंडिकेटर लावलेली कार. राईच्या नाक्यावर एकाने विचारलंही, कोण आलंय.

घरी आल्यावर मेहुण्याने मला जिन्याखाली गाठलं. हुशार माणूस, त्याला चढावरचं गणित कळलं होतं. "भावोजी, ते जुनं चक्र परत बसवा. जड होतं तेच बरं. निदान लांब जाणार नाहीत."

मी तोंड उघडलं. चक्र बेडखाली, श्रीखंडाच्या डब्यात, कागदात गुंडाळलेलं होतं.

"ते नाहीये आता," मागून बायको म्हणाली. "भंगारवाल्याला दिलं मी."

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. मी दुःखी चेहरा केला. तो मला चांगला जमतो.

"मग नवीन आणू."

"तसलं हल्ली मिळत नाही," मी म्हणालो. बायको वर गेली आणि वडिलांसमोर उभी राहिली. अटी तिने उभ्यानेच सांगितल्या. चौकला जायचं ते फक्त रविवारी, जावयाला घेऊन, हेल्मेट घालून.

"हेल्मेट घातलं तर लोक हसतील," सासरे म्हणाले.

"हसू देत. मी रडण्यापेक्षा बरं."

सासऱ्यांनी थोडा वेळ पंख्याकडे पाहिलं. मग विचारलं, "रंग कुठला?"

श्रीखंडाचा डबा अजून बेडखाली आहे. केर काढताना बायको तो उचलते, खालची फरशी पुसते आणि परत जागेवर ठेवते. त्यावर आमच्यात चर्चा झालेली नाही.

रविवारी आम्ही दोघं जातो. लाल हेल्मेट पुढे, मी मागे. मागे राहायचं मी बायकोला कबूल केलंय, पण सासऱ्यांना त्याचं कारण माहीत नाही. डोंगरीच्या माथ्यावर ते घंटी वाजवून माझी वाट बघत उभे राहतात, आणि मी पोचलो की पिशवीतून डबा काढतात.

"घ्या, जावईबापू. रोज एक खायचा, महिनाभर. फरक पडतो. लाजू नका, या वयात होतं असं."

लाडू कडूजहर असतो. मी खातो.