नऊ महिन्यांचं शिळं पाणी

माझ्या नातवंडांनो, आजीचं शिळं पाणी कसं फेकलं गेलं, हा किस्सा तुमच्या बाबांनी तुम्हाला फोनवर हसत हसत सांगितला. तो अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा तुमच्यापर्यंत पोचावा, म्हणून आजच लिहायला बसले.

कॉलेजात मी जन्मभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, पण माझं स्वतःचं संशोधन लग्नामुळे अर्ध्यात सुटलं होतं. निवृत्तीनंतर ते नालवाडीच्या घरात पुन्हा मांडलं. नाचणगावच्या आमच्या विहिरीचं पाणी तीन बरण्यांत भरलं. एक साधी, एकीत सिरका, एकीत खाण्याचा चुना. दर रविवारी पट्टी बुडवून आम्लता बघायची, एक थेंब काचपट्टीवर वाळवायचा, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकातून दिसेल ते वहीत काढायचं. वर्षभर एकही रविवार चुकवायचा नाही, एवढाच माझा हट्ट होता.

साध्या पाण्यात सुरुवातीला नाना आकारांची गर्दी होती, ती हळूहळू पांगली. चुन्याच्या पाण्यात कितीतरी आठवडे जवळजवळ काही नव्हतं, मग गोल जिवाणूंचे घोस दिसू लागले. सिरक्यात प्रकार थोडे, पण जे होते ते भरपूर.

नवव्या महिन्यात माझ्या मोठ्या जाऊबाई तळेगावहून आल्या. गुंडातलं, म्हणजे पाण्याच्या घागरीतलं, कालचं पाणी सकाळी फेकून ताजं भरायचं, हा त्यांचा जन्माचा नेम. मी बाजारातून परतले, तर दोन बरण्या राखेनं घासून चकचकीत, ताज्या पाण्यानं भरलेल्या.

"काऊन वं, येवढी शिकलेली तू, अन् घरात महिन्याचं पाणी ठेवतं?"

"बाई, महिन्याचं नाही, नऊ महिन्यांचं होतं."

"अवं माय! अन् हे सांगून राह्यली तू मले!"

"तिसरी कशी राहिली?"

"तिचा आंबट वास येऊन राह्यला होता. म्हटलं लोणच्याचं पाणी असन, तर राहू देल्लं."

मी दोन्ही बरण्या उजेडात धरून पाहिल्या. त्या घाबरल्या. म्हणाल्या, "तुह्या विहिरीचंच पाणी आणून टाक ना त्याच्यात. कोणाले समजते?"

मला समजलं असतं. त्याच दिवशी वहीत तारीख घातली आणि लिहिलं: साधी व चुन्याची बरणी रिकामी झाली, तुलना इथे थांबली. तुलनेची पुढची पानं कोरी ठेवली. तिन्ही पाण्यांची तुलना नऊ महिन्यांचीच आहे, आणि तेवढ्यापुरती ती पक्की आहे. कोणीही तपासावी.

तुमचे बाबा सांगतात तसं सगळं वाहून गेलेलं नाही. तिन्ही पाण्यांच्या नऊ महिन्यांच्या काचपट्ट्या लाकडी पेटीत क्रमानं लावलेल्या आहेत. सिरक्याची बरणी खिडकीत आहे. काल रविवार होता. तिच्यातल्या न वाळवलेल्या थेंबात आखूड काड्यांसारखे जिवाणू अजून हलत होते.