अर्थाची वायर

सयाजीची जुनी पिकअप सोलापुरात होटगी रोडवरच्या गॅरेजासमोर येऊन थांबली, तेव्हा पीरसाबनं बॉनेटकडे बघितलंच नाही. आधी चहा मागवला. माढ्याहून द्राक्षं आणणारी ही गाडी त्याच्या ओळखीची होती, आणि ओळखीची होती म्हणूनच ती परत दारात येऊ नये असं त्याला वाटत होतं. उंदरांनी तिचं वायरिंग कुरतडलं होतं, तेव्हा ते मोईननं नव्यानं ओढलं होतं. मोईन म्हणजे पीरसाबचा एकुलता एक. पुढच्याच महिन्यात काविळीचं निमित्त झालं आणि तो गेला. ही गाडी त्याच्या हातचं शेवटचं काम.

गाडीनं सयाजीचा जीव मेटाकुटीला आणला होता. चेक लाईट पेटायची आणि गाडी ओढायचीच थांबायची. स्कॅनर लावला की कधी अ‍ॅक्सिलरेटरच्या सेन्सरचा कोड, कधी डिझेलच्या प्रेशरचा, कधी दोन्ही एकदम आणि वर तिसराच कुठला तरी. कोड पुसले की गाडी शहाण्यासारखी चालायची, अन् मोहोळ आलं की पुन्हा तेच रडगाणं. बाकीच्या गॅरेजवाल्यांनी कोड दाखवेल तो सेन्सर बदलून पाहिला होता. गुण काही आला नव्हता.

एकमेकांशी नातं नसलेले कोड असे टोळीनं यायला लागले, की आधी अर्थ बघायचा. गॅरेजात अर्थ म्हणजे बॅटरीकडे परतणारी, गाडीच्या लोखंडाला बोल्टनं आवळलेली वायर. तीच कच्ची असली की चांगले सेन्सरही खोटं बोलायला लागतात. हे पीरसाबनं झोपेतसुद्धा सांगितलं असतं. आणि अर्थ बसवताना खालचा रंग खरवडून लोखंड उघडं करायचं, हे तर त्यानं मोईनला सांगून सांगून भंडावून सोडलं होतं.

पण त्या दिवशी त्यानं अर्थ सोडून बाकी सगळं पाहिलं. फ्यूज पाहिले, रिले पाहिले, चांगला अल्टरनेटर उगाच खोलून ठेवला. हात बॅटरीच्या ट्रेपर्यंत जायचा आणि माघारी यायचा. मोईन गेल्यापासून त्याच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं, आणि गेलेल्याला ठेवणार तरी कोण? माझ्यापेक्षा पोराचा हात साफ होता, असं पीरसाब येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा. तेवढ्या बोलण्यावर तो दिवस ढकलत होता. तेच खोटं निघालं तर काय करायचं, याची त्याला भीती वाटत होती.

ऊन कललं तेव्हा खोलायला दुसरं काही उरलं नव्हतं. त्यानं बॅटरी उचलून बाजूला ठेवली, ट्रे काढला. अर्थाच्या वायरीवरची टेप मोईनचीच होती. सुटू नये म्हणून तो तिचं टोक आत दुमडायचा. पीरसाबनं बोल्ट सैल केला. वायरीच्या कडीखाली गाडीचा पांढरा रंग जसाच्या तसा होता आणि भोवती गंज. पोरानं रंग खरवडलाच नव्हता. बोल्टच्या आट्यांतून करंट जात होता तोवर भागलं, गंज चढला तसं तेही सुटलं.

पीरसाबनं त्या रंगावरून अंगठा फिरवला. गंज होता एवढंच सांगितलं असतं तरी सयाजीनं मान डोलावली असती. ते खोटंही नव्हतं.

"काय निघालं, उस्ताद?" सयाजीनं हळूच विचारलं.

"माझ्या पोराची चूक हाय," पीरसाब म्हणाला. "रंग न खरवडताच अर्थ आवळला. लई घाईचा व्हता."

मग पॉलिश पेपर घेऊन तो ती जागा घासायला लागला, आणि घासता घासता तोंडातल्या तोंडात मोईनला बोलायला लागला. कितींदा सांगितलं तुला, लक्ष कुठं असतं तुझं, कानात काय बोळे घातलेत? डोळे गळायला लागले तरी तोंड थांबेना. गाडी मोहोळपर्यंत नेऊन आणली. दिवा पेटला नाही.

रात्री बायकोनं, मदिनाबीनं, ताट वाढलं. आज मोईनवर फार रागावलो, असं त्यानं तिला सांगितलं, आणि भाकरी वाढणारा तिचा हात थांबला. इतक्या दिवसांत या घरात मोईनबद्दल असं कुणी बोललंच नव्हतं.

"उसकू बहुत बोले क्या जी?" तिनं विचारलं.

"बहुत बोल्या," पीरसाब म्हणाला. "पन उने उलटके कुछ बोल्याच नई."