दोन पोळ्यांचं माप

नववीच्या वर्गाला शरीर ऊर्जा कशी मिळवतं आणि कशी खर्च करतं हे शिकवताना मी फळ्यावर दोन रकाने आखायचे. एकावर 'आत', दुसऱ्यावर 'बाहेर'. खाल्लेलं सगळं आत; चालणं, पळणं, ओझं उचलणं बाहेर. मग मुलांना विचारायचे, दिवसभर नुसतं लोळत पडलात तर बाहेर किती? पोरं एका सुरात शून्य म्हणायची आणि मी खुलायचे. अरे बाबांनो, झोपेतसुद्धा हृदय चालतं, श्वास चालतो, अंग ऊबदार राहतं, म्हणजे बाहेरचा रकाना कधीच रिकामा नसतो. देवळाली कॅम्पच्या त्या शाळेत माझा हा धडा मुलांना आवडायचा. एवढी हुशार बाई, आणि घरच्या माणसाचा बाहेरचा रकाना मी कधी बघितलाच नाही.

घरचं माणूस म्हणजे माझे वडील. मी त्यांना दादा म्हणायचे. मखमलाबादला आमचा मळा होता. मेथी, कोथिंबीर आणि बांधाला झेंडू. पहाटे दव असतानाच दादा मेथी उपटायला बसत. जुड्या बांधायला आम्ही केळीच्या सोपाच्या, म्हणजे खांबाच्या सालीच्या, वाळवलेल्या पट्ट्या वापरायचो. प्रत्येकाची गाठ वेगळी. दादा दोन पीळ देऊन शेंडा आत खोचायचे. मग सायकलला दोन्हीकडे करंड्या लावून बाजार, परत येऊन पाणी भरणं, निंदणं. नऊ वाजता बांधावर बसून तीन बाजरीच्या भाकरी, दुपारी चार, रात्री पुन्हा तीन. एवढं खाऊन माणूस काडीसारखा. आई म्हणायची, यांचं खाल्लेलं जातं कुठं देव जाणे. खरं तर कुठं जातं ते तिच्या डोळ्यांसमोरच होतं.

आई गेली तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी एकुलती एक. दादा एकटे मळा ओढू शकणार नाहीत असं मीच ठरवलं आणि मीच त्यांना विकायला लावला. तिथं आता कॉलनी आहे. दादांना मी पंचवटीत आमच्या फ्लॅटवर आणलं. त्यांच्या पिढीत लेकीच्या घरचं पाणीसुद्धा जपून पीत. पहिले आठ दिवस ते जेवायला बसायचे ते पाहुण्यासारखे, पाटाच्या कडेला. मला त्याचा राग यायचा. कुठल्या जमान्यात आहात, असं मी फाडकन बोललेही.

पण भूक काही पाहुणी नव्हती. मळा गेला, सायकल जिन्याखाली गंजली, आणि भाकरी मात्र मळ्यातल्याइतक्याच. वर्षभरात पोट सुटलं, जिना चढताना धाप लागायला लागली, आणि तपासणीत साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जेवण जरा कमी करा म्हणाले. ते 'जरा' किती, हे मी ठरवलं. हातात विज्ञानाची पदवी होती ना! दुपारी दोन पोळ्या, रात्री दोन पोळ्या, सकाळी चहाबरोबर काही नाही. फ्रिजवर तक्ता लावला. न्हाणीघराबाहेर वजनकाटा आणून ठेवला.

दादांनी एका शब्दानंही हरकत घेतली नाही. एकदा माझा नवरा म्हणाला, एखादी जास्त दे की गं त्यांना, बघ कसे ताटाकडे बघतात. मी त्याच्यावर डाफरले. तुझ्या लाडाने त्यांची साखर उतरणार आहे का? दादा खाली मान घालून ताट पुसून घेत होते. त्यांच्या मनात तेव्हा काय आलं असेल, याचा विचार मला आज सुचतो. लेकीच्या घरी राहणाऱ्या बापापुढे लेकीने पोळ्या मोजून ठेवल्या होत्या.

त्याच सुमारास ते सकाळी फिरायला जायला लागले. मी साडेसहाची बस धरायचे, त्याआधीच ते बाहेर पडलेले असत. दुपारी मी घरी आले की ओट्यावर कधी मेथी, कधी पालक, कधी चार वांगी. बाजारातून आणली म्हणायचे. मला बरंच वाटलं. चालणं होतंय आणि भाजीही ताजी मिळतेय. वजनकाटा तर माझ्या बाजूनेच बोलत होता. दर रविवारी काटा खाली. तीन महिन्यांत पोट गेलं, पायजम्याची नाडी वीतभर जास्त ओढावी लागली. मग दंड सुकले, गालफडं बसली. चरबी संपली की शरीर स्नायू खायला लागतं हे मी फळ्यावर लिहीत होते, आणि समोर घरात ते घडत असताना मला वाटायचं, वा, काय फरक पडलाय! हद्द म्हणजे मी वर्गात दादांचंच उदाहरण द्यायचे. माझ्या वडिलांनी बघा कसं जमवलं, असं.

मार्च महिन्यात एक दिवस शाळेत फोन आला. दादा चक्कर येऊन पडलेत, दवाखान्यात नेलंय. धावत पळत पोचले तर ते कॉटवर, हाताला सलाईन, आणि पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला. साखर पार खाली गेली होती. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून विचारलं, हे काम काय करतात? मी म्हटलं, काही नाही, घरीच असतात. त्यांच्या हाताला ताजे घट्टे आहेत, डॉक्टर म्हणाले.

त्यांना दवाखान्यात आणणारी बाई बाकावर बसून होती. पाण्याच्या पाटाच्या पलीकडे तिचा मळा, आमच्या जुन्या मळ्यापासून हाकेच्या अंतरावर. तिनेच सगळं सांगितलं. पाच महिने दादा रोज तिच्याकडे येत होते. मेथी उपटायचे, जुड्या बांधायचे, मग निंदायला बसायचे, पाण्याची बारी असली की वाफ्यावाफ्यात पाणी वळवत दारं धरायचे. मजुरी देऊ केली तर घेत नव्हते. जाताना तेवढी एक जुडी द्या म्हणायचे, लेकीच्या घरी फुकट खात नाय मी.

मला वाटलं, संपलं असेल. पण ती बोलतच होती, बिचारी, तिला काय ठाऊक. नऊ वाजता आम्ही सगळे न्याहारीला बसतो, म्हणाली. वावरात राबणाऱ्याला भाकरी द्यायची आमची रीतच हाय. रोज त्यांच्या पुढ्यात ठेवायचो. एक दिवस बी शिवले नाहीत.

"हात जोडायचे," ती म्हणाली, "आन् म्हणायचे, माझ्या लेकीनं मोजून लावून दिलंय. इथं खाल्लं तर तिचा हिशोब चुकंल."

मी आत जाऊन दादांच्या पायजम्यावरचा चिखल ओल्या रुमालाने पुसायला लागले.

संध्याकाळी त्यांचे कपडे न्यायला घरी आले. ओट्यावर आदल्या दिवशीची मेथीची जुडी तशीच पडली होती, मुळांना वाळलेली माती. सोपाच्या पट्टीने बांधलेली, दोन पीळ, शेंडा आत खोचलेला. बाजारात तेव्हा रबर लावून जुड्या येत होत्या. लहानपणी याच गाठीच्या शेकडो जुड्या मी करंडीत रचल्या होत्या, आणि पाच महिने तीच गाठ सुरीने कापून केरात टाकत होते. तक्ता टराटरा फाडला. त्याने काय होणार होतं?

दादा वाचले. डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या, खाणं वाढवायला सांगितलं. मी त्यांच्यापुढे रडले, माफी मागितली. ते उलट मलाच समजावत होते, तुझं काय चुकलं, मीच सांगाया पायजे होतं. खरं कबूल करायचं तर मला हेच आवडलं नाही. त्यांनी मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मळ्यात जायचं असेल तर जा, पण भरपेट खाऊन जा, असं मी सांगितलं. पण मार्चनंतर त्यांच्या पायात ताकद आलीच नाही. पाटापर्यंत जाऊन परत यायचे.

मी सकाळी भाकरी करायला लागले, बाजरीची, आईसारखी जाड. चारपाच करून मधोमध ठेवायचे आणि मुद्दाम दुसरीकडे बघायचे. दादा दोन खायचे. मग थांबायचे. हात पुढे करायचे, मागे घ्यायचे आणि माझ्याकडे बघून विचारायचे, "घेऊ का गं?"

आयुष्यभर दहा भाकरींचं काम करून दहा भाकरी खाल्लेला माणूस. मी म्हणायचे, दादा, विचारता काय, घ्या ना. मग घ्यायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यानंतर सहा वर्षं ते होते. मी शपथा घातल्या, चिडले, एकदा तर भाकरी स्वतःच्या हाताने मोडून त्यांच्या तोंडात घातली. पण तिसऱ्या भाकरीला हात लावण्याआधी ते विचारायचेच.