‘लाईट गेली’ आणि आमचे अध्यक्ष

माझ्याच वयाच्या, माझ्याच खोलीत राहणाऱ्या आणि माझाच साबण वापरणाऱ्या मुलाला मी पहिल्या आठवड्यापासून अहोजाहो करू लागलो. तशी त्यांची सूचनाच होती. "मला नाव हाय," ते म्हणाले, "पण ते घरी. इथं अध्यक्ष म्हणा. सवय लागू द्या." कशाचे अध्यक्ष, हे विचारायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि चिटणीस करून टाकलं.

ही लातूरची गोष्ट. लातूरला मुलं डॉक्टर व्हायला येतात. मी धर्माबादहून आलो होतो, अध्यक्ष हदगावहून. आम्ही दोघंही आदल्या वर्षी थोडक्यात हुकलो होतो. ‘थोडक्यात’ हा शब्द आमचा. मार्क पाहिले असते तर घरच्यांनी दुसरा शब्द वापरला असता. दिवसभर क्लास, संध्याकाळी मेस, आणि उरलेल्या वेळात अध्यक्षांचं खरं काम, म्हणजे ढेकूळ.

ढेकूळ हा नांदेडचा रॅपर. त्याचं खरं नाव राहुल, पण ते अध्यक्षांसमोर घेतलेलं चालत नसे. त्याचं एकच गाणं तेव्हा बाहेर आलं होतं, मेसच्या वरणावर. ‘वरणात डाळ हुडकून राहिलो, डाळ म्हणते वळख न्हाई’ अशी त्याची सुरुवात, आणि पुढं तो इतका भरभर बोलायचा की मध्ये श्वास कुठं घेतो ते सापडत नसे. लातूरच्या खोल्याखोल्यांतून ते वाजत होतं, कारण ते वरण आम्ही सगळेच जेवत होतो. एकदा घरमालकीण काकू जिना चढून वर आल्या.

"अरे, हे गाणं हाय का भांडण?"

"काकू, दोन्ही हाय," अध्यक्ष म्हणाले.

काकूंनी दारात उभं राहून पूर्ण ऐकलं. जाताना म्हणाल्या, "पोरगं खरं बोलून राहिलं. पण त्याला म्हणावं, मधी मधी पाणी पीत जा."

अध्यक्षांना साधं बोलणं जमत नसे. पंखा बंद करायचा असला तरी ते आधी ठराव मांडत आणि माझ्याकडे अनुमोदनासाठी पाहत. मी झोपेत असलो तर ‘सभागृहाची संमती आहे’ असं स्वतःच म्हणून बटण दाबत. ढेकूळच्या चाहत्यांचा त्यांनी क्लब काढला होता, आणि त्यात घेण्यासाठी परीक्षाही ठेवली होती. वरणाचं पहिलं कडवं एका दमात म्हणायचं. औशाचा एक मुलगा अर्ध्यावर लाल होऊन खाटेवर बसला. त्याला अध्यक्षांनी पाणी पाजलं आणि मानद सभासद केलं. "प्रयत्न प्रामाणिक होता," ते म्हणाले. डॉक्टर होण्याच्या परीक्षेतही असा एखादा माणूस बसलेला असता, तर आम्ही दोघं आज कुठल्या कुठं असतो.

पुढं नांदेडला ढेकूळचा कार्यक्रम ठरला. आम्ही एसटीनं गेलो. अध्यक्षांनी शाल आणि नारळ बरोबर घेतला होता. ढेकूळ गाणं संपवून घाम पुसतोय तोच हे स्टेजवर चढले आणि त्याला शाल घालू लागले.

"तुमी कोण?" ढेकूळनं माईकवरच विचारलं.

"अध्यक्ष."

"कशाचे?"

"तुमचे."

मैदान हसलं. ढेकूळही हसला, पण त्यानं अध्यक्षांचा हात सोडला नाही. तसाच हात धरून त्यानं जाहीर केलं की मुंबईच्या एका कंपनीनं त्याला घेतलं आहे, गाणी रेकॉर्ड झाली आहेत, आणि दिवाळीला अख्खा अल्बम येणार आहे. अल्बमचं नाव ‘लाईट गेली’. अध्यक्ष खाली उतरले तेव्हा नारळ त्यांच्याच हातात राहिला होता. तो त्यांनी मला दिला आणि म्हणाले, "चिटणीस, दिवाळीपर्यंत जपा."

दिवाळी आली. अल्बम आला नाही. मग कळलं की कंपनीतल्या भागीदारांचंच आपसात बिनसलं, आणि त्यांच्या भांडणात गाणी अडकून पडली. ती ना ढेकूळला मिळेनात, ना कुणाला ऐकायला. काही महिने ढेकूळ मुंबईच्या चकरा मारत होता. नंतर तो हैदराबादला गेला आणि लग्नसमारंभात साऊंड लावायची कामं करू लागला. लातूरच्या मुलांना मात्र एक वाक्य कायमचं मिळालं. अध्यक्ष मेसमध्ये शिरले की कुणीतरी मागून विचारायचं, "अध्यक्ष, लाईट आली का?" आणि अध्यक्ष वाटी पुढं करत शांतपणे म्हणायचे, "पाठपुरावा चालू हाय."

क्लब फुटला तो याच वेळी. देगलूरचा गंगाधर म्हणून एक हुशार सभासद होता. त्याचं म्हणणं, चूक ढेकूळची. कंपनीचा करार न वाचता सही केली. अध्यक्षांचं म्हणणं, कलाकारानं गावं, वाचणं बाकीच्यांचं काम. बोलणं इतकं वाढलं की गंगाधर बाहेर पडला आणि त्यानं ‘ढेकूळ परिवार (मूळ)’ नावाचा ग्रुप काढला. अध्यक्षांनी आपल्या ग्रुपच्या नावापुढं ‘(अधिकृत)’ लिहिलं. बाहेर न आलेल्या अल्बमसाठी दोन संघटना तयार झाल्या. आपल्याकडे याहून कमी कारणावरही होतात.

अध्यक्ष गप्प बसणारे नव्हते. डॉक्टरकीचा नाद दोघांनीही सोडला होता. मी औषधांच्या शिक्षणाला नांदेडला लागलो आणि ते हदगावला परतले. तिथं त्यांनी तहसीलसमोर एक दिवसाच्या लाक्षणिक उपोषणाची घोषणा केली. कंपनी मुंबईला, गायक हैदराबादला, मग उपोषण हदगावला कशाला, असं मी विचारलं. "आपला तालुका हाय," ते म्हणाले. "सुरुवात घरातून करायची असती." मोठा फ्लेक्स लावला: ‘लाईट गेली! अजून किती वाट पाहायची?’

दहा वाजता आम्ही दोघं बसलो. थोड्या वेळानं जवळच्या एका गावची चार माणसं आली, फ्लेक्स वाचला आणि शेजारी बसली. मग त्यांच्या मागून आणखी आली. बायका आल्या. एका आजोबांनी अध्यक्षांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "लेकरा, कोणीतरी बोललं बघ. आमची डीपी जळून पडली, कोणी फिरकंना." डीपी म्हणजे गावाला वीज देणारं रोहित्र. मी अध्यक्षांच्या कानात म्हणालो, "यांना खरं सांगा." अध्यक्षांनी त्या गर्दीकडे पाहिलं. "आता कसं सांगू?" ते म्हणाले. "इतकी माणसं आपल्या एकाबी सभेला आली न्हाईत."

दुपारी वीज कार्यालयाचे साहेब स्वतः आले. त्यांनी सर्वांदेखत डीपी बदलून देण्याचा शब्द दिला आणि अध्यक्षांना लिंबू सरबत पाजलं. सरबत पिता पिता अध्यक्षांनी साहेबांना हळूच विचारलं, "साहेब, मुंबईत तुमच्या वळखीचं कोणी हाय का, गाण्याच्या लाईनमधलं?" साहेबांना लाईन एवढाच शब्द समजला. त्यांनी तीसुद्धा तपासून घेतो म्हणून सांगितलं.

डीपी खरंच आली. गावानं अध्यक्षांना हार घातला, आणि त्या दिवसापासून तालुक्यात ज्याचं काम अडलं तो त्यांच्या दुकानात येऊ लागला. मोबाईल दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. पण समोर फोन कमी आणि विनंतीअर्ज घेऊन आलेली माणसं जास्त. "चळवळीला यश आलं," ते मला फोनवर म्हणाले. "फक्त चुकीच्या मागणीला आलं."

अध्यक्षांचं लग्न झालं. सुषमावहिनी शांत, पण बोलायला लागल्या तर थेट बोलणाऱ्या. त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, सवत असती तर निदान दिसली तरी असती. ही ह्यांची लाईट दिसंना बी आणि जाईना बी." अध्यक्ष पडद्यामागून म्हणाले, "नोंद घेतली." वर्षं गेली. ग्रुपवर ढेकूळपेक्षा बारशांचे फोटो जास्त येऊ लागले. दर दिवाळीला अध्यक्ष मात्र एकच वाक्य टाकत, ‘धीर धरा’, आणि खाली नवे सभासद विचारत, ‘कशासाठी?’

मग या वर्षी एका सकाळी अल्बम आला. कुणी वाजत गाजत सांगितलं नाही. जुन्या कंपनीचा सगळा माल दुसऱ्या कुणी घेतला, आणि त्या ढिगातून ‘लाईट गेली’ बाहेर पडला. मला पहिला फोन अध्यक्षांचा. "चिटणीस," ते म्हणाले, "आली." मग ग्रुपवर तेच लिहिलं: ‘लाईट आली!!!’ खाली एका सभासदाच्या आईनं त्याच्या फोनवरून उत्तर दिलं, ‘आमच्याकडं न्हाई आली अजून.’

गंगाधरनं मोठेपणा दाखवला. तो आता नांदेडला स्वतःचे क्लास चालवतो. रविवारी सकाळी त्यानं आपला हॉल दिला, आणि मूळ व अधिकृत अशा दोन्ही परिवारांची एकत्र बैठक भरली. एकानंही आधी काही ऐकायचं नाही, असा अध्यक्षांचा आदेश होता आणि तो चक्क पाळला गेला. एका दमात कडवं म्हणणारी ती मुलं आता जिना चढून आली तेव्हाच धापा टाकत होती. पोटं सुटली होती, कडेवर लेकरं होती. औशाचा मानद सभासद तर दातांचा डॉक्टर होऊन आला होता.

गाणी सुरू झाली. पहिल्या गाण्याला शिट्ट्या पडल्या. दुसऱ्याला एक जण रडला, आणि मग सांगितलं की गाण्यानं नव्हे, जुन्या खोलीची आठवण आली. तिसऱ्याला कुणीतरी हळूच म्हणालं, "चाल जुनी वाटून राहिली." "जुनीच हाय की," दुसरा म्हणाला. नोकरी नाही, नोकरी नाही असं एक गाणं होतं. ते लागल्यावर नोकरीला लागलेले सगळे सभासद गंभीर झाले. एका सभासदाची चिमुरडी मध्येच म्हणाली, "पप्पा, हे काका कामून वरडून राहिले?" तिच्या वडिलांनी तिला समजवायला सुरुवात केली, आणि समजावता समजावता तेच थांबले. एकाला सोयाबीनच्या फवारणीला जायचं होतं, तो सारखा घड्याळ बघत होता. अध्यक्ष पहिल्या बाकावर हाताची घडी घालून बसले होते. चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं.

शेवटचं गाणं निराळं निघालं. ते स्टुडिओतलं नव्हतं. नांदेडच्या घरी, माडीवर रेकॉर्ड केलेलं असावं. ढेकूळ म्हणत असतानाच खालून एका बाईची हाक येते, खणखणीत. "आरं राहुल, लाईट गेली! खाली उतर. अंधारात भिंतीसंगं काय बोलून राहिला?" ढेकूळ हसतो, आणि गाणं तिथंच संपतं. ती त्याची आई. दोन वर्षांपूर्वी ती गेली, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

तेवढ्यात गंगाधरनं ढेकूळला फोन लावला होता, तो लागला. आवाज मोठा केला.

"कसा झाला रे अल्बम?" ढेकूळनं विचारलं.

"भारी!" "एक नंबर!" सगळे एकदम ओरडले.

"अध्यक्ष हायत का? अध्यक्ष, तुमी सांगा. खरं सांगा."

आयुष्यभर न ऐकता ज्या अल्बमची स्तुती केली, त्याच्याबद्दल आता ऐकून बोलायचं होतं. अध्यक्ष उठले.

"वेळेवर आला असता तर लई भारी वाटला असता," ते म्हणाले. "आता बरा वाटला. तीन गाणी चांगली हायत. बाकीच्यात तुमी शिकून राहिलते."

मग पलीकडून ढेकूळ मोठ्यानं हसला. "आयला! इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी खरं बोललं. कोणती तीन?"

"पहिलं, पाचवं आणि शेवटचं. आईचा आवाज हाय ते."

"कोणाचा?"

"तुमच्या आईचा. तुमी ऐकलं न्हाई?"

ढेकूळनं अल्बम लावलाच नव्हता. त्याला लावावासाच वाटला नव्हता. तो म्हणाला, "ते कापलं आसंल म्हणून समजून होतो मी." आणि फोन बंद झाला.

पुढचं काम ठरावाविना झालं. अध्यक्षांनी कुणालाही अनुमोदन मागितलं नाही. चपला घातल्या, वहिनींना फोन करून उद्या येतो म्हणून सांगितलं, आणि हैदराबादची गाडी धरायला निघाले. "एकट्यानं ऐकायची गोष्ट न्हाई ती," जिन्यात एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी नांदेडच्या बसस्टँडवर मी त्यांना चहाला गाठलं. डोळे लाल होते, पण चेहरा खुशीत. काय झालं म्हणून विचारलं.

"काय होणार? लावलं. ऐकलं. त्यांनी परत लाव म्हणलं, परत लावलं. त्यांच्याकडं साऊंडचा धंदा, बॉक्स हे एवढे मोठे. आईची हाक अशी आली की भांडी वाजली. पाच-सहा येळा झालं तसं शेजारचा माणूस दारात आला. म्हणला, ‘कौन चिल्लारे जी इत्ती जोर से?’ ढेकूळ म्हणले, ‘अम्मा है हमारी.’ तो म्हणला, ‘तो बोलो ना उनको, जरा धीरे.’"

अध्यक्षांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"मग?"

"ढेकूळ म्हणले, ‘तुम्मीच बोलो. हमारी तो कब्बी सुनेच नै.’"