कोअर शॉपची मागची भिंत

“मिस्त्री, सही करा.”

मालकांनी कागद टेबलावरून माझ्याकडं सरकवला. टाइप केलेला होता. खाली माझं नाव, नावाखाली ‘मेंटेनन्स फिटर’. चौथी शिकलेल्या माणसाची सही कोण मागतंय? पगाराच्या रजिस्टरला करायची, तेवढीच. मी खिशातलं पेन काढलं.

“काय लिवलंय ह्यात?”

“ब्लोअरमध्ये दोष नाही. कोअर शॉपमध्ये त्रास व्हावा असा आवाज नाही. तुम्हीच म्हणताय न्हवं पंधरा दिवस?”

“म्हणतोय की.”

“मग करा.”

केली. झोकात केली. त्या कागदावर एका बाईची नोकरी गेली. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे. म्हातारा स्वतःला वगळतोय असं कुणाला वाटायला नको.

ही गोष्ट नव्वद सालानंतरची, कोल्हापुराबाहेरच्या एका फौंड्रीतली. फौंड्री म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. ओतून निघालेला भाग, म्हणजे कास्टिंग, आतून पोकळ पाहिजे असेल तर साच्यात वाळूचा घट्ट ठोकळा ठेवतात. त्याला कोअर म्हणतात. कोअर आमच्याकडं बायका करायच्या. नऊ जणी होत्या. मालन त्यांतली सगळ्यांत जुनी. नवरा वारलेला, मुलगी बारावीला. तिची जागा मागच्या भिंतीला लागून. एक लाकडी पाट, पुढं वाळूचा ढीग आणि कोअरची पेटी. दहा वर्षं त्याच पाटावर.

शेजारी फेटलिंग शॉप. तिथं कास्टिंगच्या कडा ग्राइंडरवर घासतात. धूळ फार उडते. ती ओढून घ्यायला मालकांनी नवा ब्लोअर आणला. ब्लोअर म्हणजे माणसाच्या उंचीचा पंखा, पत्र्याच्या डब्यात बंद केलेला. तो कोअर शॉपच्या मागच्या भिंतीपलीकडं यार्डात बसवला. फौंडेशन मी घातलं, अलाइनमेंट मी केलं. पेचकसाचं टोक बेअरिंगवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, हा आमचा स्टेथोस्कोप. त्यात बेअरिंग तेलासारखं चालत होतं. माझ्यासारखा ब्लोअर बसवणारा त्या पट्ट्यात दुसरा नव्हता, हे मी आजही म्हणतो.

आठवड्याच्या आत मालन माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

“मिस्त्री, अकरा वाजलं की छातीवर कायतरी बसल्यागत हुतंय. मळमळतंय. आन मागं कोणतरी हुबं हाय असं वाटतंय. वळून बगितलं की कोण न्हाय.”

“मागं भिंत हाय मालनबाई. भिंतीत कोण हुबं ऱ्हाणार?”

बाकीच्या बायका हसल्या. ती हसली नाही. अकरा वाजता फेटलिंग चालू होतं, म्हणजे ब्लोअरही अकरालाच चालू होतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही. यायला पाहिजे होतं. पगार त्याचाच घेत होतो.

मालननं भुताचं नाव एकदाही काढलं नव्हतं. ते दुसऱ्यांनी काढलं. साचे भरणाऱ्या मोल्डिंगच्या पोरांनी शोध लावला की शेडखाली बुजवलेली विहीर आहे. मग विहिरीत कोणीतरी बाई पडली. मग त्या बाईला हिरवं लुगडंही नेसवलं. दोन बायका पाट उचलून पुढच्या शटरकडं सरकल्या. उत्पादन घसरलं तसं मालकांनी कंपाउंडच्या कोपऱ्यातल्या म्हसोबाला बकरं दिलं. सगळे जेवले. मी माझा डबा वेगळा खाल्ला. आमच्या वडलांनी छप्पन साली देवदेव सोडलं, बुद्धाचा धम्म घेतला. माझ्या घरात नारळ फुटत नाही की लिंबू उतरत नाही. कोणी भूत म्हणालं की माझं डोकं फिरतं. तसंच तेव्हाही फिरलं, आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, “बायकांच्या मनाचं खूळ हाय. माजा ब्लोअर ओके हाय.”

बकऱ्यानं काही झालं नाही तेव्हा पुण्याचा कन्सल्टंट आला. पांढरा शर्ट, आवाज मोजायचा मीटर, मीटरला तीन पायांचा स्टँड. धूळ नको म्हणून त्यानं स्टँड शटरपाशी, उघड्या हवेला लावला.

मालन म्हणाली, “सायेब, माजी जागा तकडं मागं हाय.”

“बाई, एका खोलीत आवाज सगळीकडं सारखाच असतो.”

अर्धा तास मोजलं. आकडा नियमाच्या आत. तो चहा पिऊन गेला. दुसऱ्या दिवशी माझ्यापुढं सहीला तो टाइप केलेला कागद आला. मालनला अफवा पसरवते म्हणून काढलं.

जाताना ती वर्कशॉपच्या दारात थांबली. हातात डब्याची पिशवी.

“मिस्त्री, तुमी एकदा तरी माज्या पाटावर बसून बगायचं हुतं.”

मी व्हाइसमध्ये धरलेला तुकडा कानशीनं घासत होतो. घासत राहिलो.

तिची जागा रिकामी राहिली. तिथं बसायला कोणी तयार नव्हतं. आणि गंमत बघा, तक्रार बंद झाली. मालक मला हाक मारून म्हणाले, “बघितलंत मिस्त्री? बाई गेली, भूत गेलं.” त्या जागेवर माणूसच नाही तर तक्रार कोण करणार, भिंत? पण तेव्हा हे मलाही पटलं होतं. मालन जवळच्या दोन फौंड्र्यांत काम मागायला गेली. गेटवरच विचारलं, “भूतवाली ती तूच न्हवं?” तिनं खोली सोडली आणि मुलीला घेऊन कोडोलीला भावाकडं गेली.

महिन्याभरानं कोअर वाळवायच्या भट्टीचा बर्नर अडकला. भट्टी मागच्या भिंतीलाच. बर्नर खोलून झाला, जेवणाची सुट्टी झाली, बायका बाहेर झाडाखाली गेल्या. फेटलिंगवाले जेवायला आळीपाळीनं जातात, म्हणून ब्लोअर चालूच होता. मी डबा उघडला आणि टेकायला दुसरं काही नव्हतं म्हणून तिच्या पाटावर बसलो.

दोन घास गेले असतील. तिसरा उतरेना. छातीवर कोणी तळहात ठेवून दाबतंय असं वाटायला लागलं. मानेवरचे केस उभे राहिले. कानाला काही नाही, नेहमीचा कारखान्याचा गलका तेवढाच. आणि मी वळून बघितलं. भिंत. परत भाकरी मोडली, परत वळून बघितलं. ज्यानं बकऱ्याच्या मटणाला हात लावला नाही, तो मी, भरदुपारी भिंतीकडं बघत होतो. भीती कमी वाटली. लाज जास्त वाटली.

भिंतीला वर एक खिडकी होती. काच फुटलेली, जागेवर प्लॅस्टिकचा कागद ताणून ठोकलेला. माझी नजर त्यावर गेली. कागद थरथरत होता. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. मी भट्टीवर चढून कागदाला हात लावला. झोपलेल्या जनावराच्या पोटाला हात लावावा तसं लागलं, पण फार जलद. आत-बाहेर, आत-बाहेर. मोजायला गेलो तर मोजता येईना, पण ठोके सुटे सुटे होते.

खाली उतरलो. डबा तिथंच उघडा टाकला. फेटलिंगमध्ये जाऊन बटण दाबून ब्लोअर बंद केला. परत आलो तर कागद मेल्यासारखा पडलेला. छाती मोकळी. चालू केला, दोन मिनिटांत पुन्हा तेच. मग शटरपाशी जाऊन उभा राहिलो. काही नाही. अगदी त्या कन्सल्टंटनं स्टँड लावला होता तिथं. शून्य.

पुढं जे विचारून, डोकं घालून कळलं ते साधं करून सांगतो. आवाज म्हणजे हवेला बसणारे धक्के. सेकंदाला शेकडो, हजारो धक्के असले की कान चांगलं ऐकतो आणि कुठून आला तेही सांगतो. धक्के कमी कमी होत गेले की आधी दिशा कळेनाशी होते. वीसच्या खाली गेले की कान बहुतेक हातच टेकतो. पण धक्का काही थांबत नाही. तो छातीवर, पोटावर, खिडकीच्या कागदावर बसतोच. अंगाला कळतं आणि कानाला कळत नाही. मग डोकं मधली जागा आपल्या मनानं भरून काढतं. कोणतरी आहे, दिसत नाही, मागं उभं आहे. यात खुळेपणा नाही. डोकं त्याचं काम करतंय. खुळेपणा दुसऱ्यांचा, जे त्यावर विहीर आणि हिरवं लुगडं चढवतात. आणि माझ्यासारख्यांचा. भूत नाही हे माझं बरोबर होतं. म्हणून काहीच नाही, हे चूक होतं. एवढा फरक मला चाळीस वर्षं हातोडा मारून कळला नव्हता.

आणि जागेचं म्हणाल तर, बादलीतलं पाणी हिंदकळवून बघा. कडेला उंच चढतं. तशी हवेची लाट बंद भिंतीपाशी चढते आणि उघड्या शटरकडं विरते. मीटरही माणसाच्या कानासारखा ऐकायला लावलेला असतो, खालचे आवाज तो वजा करूनच आकडा दाखवतो.

दोष कुठं होता? माझ्या हातात. ब्लोअर चार ग्राइंडरची धूळ ओढायला घेतलेला. ग्राइंडर दोनच आले होते. उरलेली दोन तोंडं मीच यार्डात, ब्लोअरपाशी, पत्रा मारून बंद केली होती. ब्लोअरला पोटभर हवा मिळत नव्हती. तोंड दाबून पळवलेल्या माणसासारखा तो धापा टाकत होता. बेअरिंग तेलासारखं होतं, पण धाप बेअरिंगमध्ये नसते. मी बेअरिंगच ऐकत बसलो. पत्रा काढून बघितला, तर खिडकीचा कागद थांबला.

मालकांकडं गेलो.

“मालक, मालनबाईचं खरं हुतं. तिला परत बोलवा.”

“तुमची सही आहे मिस्त्री.”

“माजी सही चुकली.”

“सही चुकते व्हय?” त्यांनी कन्सल्टंटला फोन लावला, माझ्याच तोंडावर हसत बोलले, फोन ठेवला. “ते म्हणतात, जे ऐकू येत नाही त्याचा त्रास होत नाही.”

“त्यास्नी म्हणावं, या आन पाटावर बसा!” मी ओरडलो. ऑफिसातला क्लार्क उठून उभा राहिला. “मी सिद्ध करून दावतो. तुमी वेळा लिवून द्या. मी यार्डात बसून पत्रा काढतो, लावतो. मालनबाई आत पाटावर. तिला मी दिसणार न्हाय. ती सांगंल कवा हाय आन कवा न्हाय. एक जरी चुकली तरी मी घरी.”

“घरी म्हणजे?”

“नोकरी सोडतो.”

मालक म्हणाले, “आणा तिला.”

कोडोलीला एसटीनं गेलो. भाऊ दारात होता. “या पावणं, कुठलं?” म्हणाला. नाव सांगितलं तसा त्याचा चेहरा बदलला. “रानात हाय,” म्हणाला आणि आत गेला. पाणीसुद्धा विचारलं नाही.

मालन चार बायकांबरोबर उसात भांगलत होती. मला बघितलं, खुरपं थांबवलं नाही.

“मालनबाई, मी पाटावर बसलो.”

खुरपं थांबलं.

“मग?”

“माजा ब्लोअर हाय त्यो. तुमचं सगळं खरं. मालकास्नी दावायचं हाय, तुमी आल्याबिगार हुईत न्हाई.”

“म्हंजी आता माजी परीक्षा?” ती उभी राहिली. “चूक तुमची आन परीक्षा मी द्यायची व्हय मिस्त्री?”

शेजारच्या बायका बघायला लागल्या.

“नापास झाला तर माजी नोकरी जाईल. तुमचं कायबी जाणार न्हाई,” एवढंच म्हणालो.

“बरं हुईल गेली तर,” ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आली.

मालकांनी आठ वेळा लिहून दिल्या. घड्याळ घेऊन ते तिच्याजवळ उभे. बाकीच्या बायका शटरकडं. सगळा कारखाना चालू, भिंतीपलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. मी भिंतीपलीकडं पत्रा धरून. लिहिल्याप्रमाणं काढायचा, लावायचा. आत काय झालं ते बायकांनी सांगितलं. मालन डोळे मिटून बसली होती. ‘गेलं’ म्हणायची, ‘आलं’ म्हणायची. मालक घड्याळ बघायचे आणि खूण करायचे. एका ठिकाणी त्यांनी मुद्दाम दहा मिनिटं काही बदलायचं नाही असं लिहिलं होतं. मधेच तिला विचारलं, “आता गेलं न्हवं?”

“न्हाई. तसंच हाय. बसून बगा की तुमी.”

ती पाटावरून उठली. एवढ्या बायकांदेखत मालकांना नाही म्हणता येईना. बसले. थोडा वेळ टेचात बसले. मग त्यांनी वळून भिंतीकडं बघितलं. बायका म्हणाल्या, तेव्हा कोण हसलं नाही.

आठपैकी आठ बरोबर.

दुरुस्तीला मला तासभर लागला. बंद केलेल्या तोंडाच्या पत्र्याला हाताएवढं भोक पाडून जाळी बसवली. ब्लोअरला हवा मिळाली, धाप थांबली. खिडकीचा कागद गप्प झाला. बकरं, मीटर, पुण्याचा शहाणा, आणि उपाय काय तर पत्र्याला भोक.

कन्सल्टंटनं नंतर नवा रिपोर्ट पाठवला. त्यात सगळं बरोबर लिहिलं होतं, जसं काही त्यानंच शोधलं. मालनचं नाव नव्हतं. माझंही नव्हतं, पण माझं सोडा.

मालनला मालकांनी परत घेतलं. तिनं एकच अट घातली होती, की ती खोटं बोलली नव्हती हे मालकांनी सगळ्या बायकांसमोर सांगायचं. चहाच्या सुट्टीत सगळ्या जमल्या. मालकांनी निरोप पाठवला, फोनवर आहे. फोनवर! मग मी उभा राहिलो आणि म्हणालो, “मालनबाई खरं बोलत हुती. मी न बगता खोटं लिवून दिलं.” हात जोडावेत की नाही ते कळेना. जोडले.

ती कपातला चहा संपवून म्हणाली, “आदी बसायचं हुतं.” आणि कामाला लागली.

त्यानंतर आम्ही नऊ वर्षं एका कारखान्यात होतो. ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. पेटीचा बोल्ट ढिला झालाय, भट्टी तापत नाही, एवढंच. मी रिटायर झालो त्या दिवशी सगळ्यांनी हात मिळवला, तिनं नाही. मला त्याचा राग नाही. बाकी सगळ्यांचा आहे.

नवीन फिटरांना एवढंच सांगतो. कोणी तक्रार केली तर मीटर, पेचकस, पेन काही काढू नका. आधी तो माणूस जिथं बसतो तिथं जाऊन बसा. अर्धा तास बसा. सही त्यानंतर.